चित्रांची वही

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या महिन्यात आपल्या कार्यवाहबाई एका दुपारी मजकडे आल्या होत्या. निमित्त वर्गणीचे होते. पण आमच्या बाहेरच्या खोलीची भिंत पाहून त्या दारातच थबकल्या. भिंतीवर बादली, चावी, पाव, बटाटा, छत्री, एक कुत्रा आणि एक भला मोठा गमबूट अशी चित्रे लावलेली होती. "बालवाडी केव्हापासून सुरू केलीत?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "बालवाडी नव्हे हो, ही माझी स्पॅनिशची शिकवणी!" त्या बसल्या, चहा घेतला, सगळी भिंत समजावून घेतली आणि जाताना वर्गणीबरोबर या भाषणाचे वचनही घेऊन गेल्या. म्हणून आज मी आपणांसमोर उभी आहे.

आरंभीच सांगून टाकते, की मी चित्रकार नव्हे. मी काढलेली गाय आणि मी काढलेला म्हैसा यांत मलाच फरक कळत नाही. तरीही चित्रांच्या साहाय्याने परकी भाषा कशी शिकावी, याविषयी मी बोलणार आहे. या गोष्टीची सुरुवात माझ्या शहाणपणात नसून माझ्या एका चुकीत आहे. तेव्हा आधी चूकच सांगते.

मी स्वतः मराठी शाळेत शिकले. पुढे पुण्यास रानडे इन्स्टिट्यूटमध्ये स्पॅनिश शिकले आणि लग्नानंतर मुलुंडला आल्यावर पुष्कळ वर्षे एका शाळेत ती भाषा शिकवली. स्पॅनिशच का, असे मला नेहमी विचारतात. तर ही वीस देशांची राजभाषा आहे. स्पेनपासून मेक्सिको, पेरू, चिली, अर्जेंटिनापर्यंत जवळजवळ ५० कोटी माणसे ती घरात बोलतात. हल्ली आपल्याकडच्या कित्येक शाळांतून ती तिसरी भाषा म्हणून घेता येते, आणि आपली मुले नोकरीनिमित्त त्या देशांत जातातही.

शाळेत माझी पद्धत ठरलेली होती. वहीच्या पानावर उभी रेघ मारावयाची. डावीकडे स्पॅनिश शब्द, उजवीकडे इंग्रजी अर्थ. प्रत्येक शब्द पाच वेळा लिहावयाचा. शुक्रवारी परीक्षा. मला कोणी असेच शिकवले होते, म्हणून मीही तसेच शिकवीत होते.

एका वर्षी आठवीत एक मुलगा आला. सातवीपर्यंत तो मराठी माध्यमात होता आणि नुकताच इंग्रजी शाळेत घातलेला. वर्गात तो तोंड म्हणून उघडत नसे. एकदा मी त्याला उभे केले, तेव्हा तो हळूच म्हणाला, "बाई, मला इंग्रजीच येत नाही, मग स्पॅनिश कसं येणार?" हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलेच नाही. पुढे त्याची वही तपासावयास आली. त्यात 'कुचारा' या शब्दापुढे इंग्रजी अर्थाच्या जागी त्याने चमचा काढलेला होता. 'मेसा'पुढे चार पायांचे टेबल. 'युविया'पुढे तिरप्या रेघांचा पाऊस. सगळे पान असेच. मी लाल शाईने त्या पानावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारली आणि खाली लिहिले, "ही भाषेची वही आहे, चित्रकलेची नव्हे."

त्या वर्षाच्या शेवटी त्याने स्पॅनिश सोडले. तो पुढे काय शिकला, कोठे असतो, मला ठाऊक नाही. ती वही माझ्यापाशी नाही. ती लाल रेघ मात्र आहे.

माझे डोळे उघडले ते बऱ्याच वर्षांनी, आणि ते आपल्यापैकीच एका आजींनी उघडले. त्यांचे नाव सांगू नये असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांची मुलगी आणि जावई मेक्सिकोत असतात. नातू तिकडेच जन्मला, तिकडच्या बालवाडीत जातो. मुलगी घरात मराठी बोलते, पण ते पोर आजीशी फोनवर बोलताना दोन मराठी शब्दांनंतर भराभर स्पॅनिशवर घसरते. आजी मला म्हणाल्या, "मला परीक्षा द्यायची नाही. नातू काय म्हणतो ते कळलं पाहिजे, आणि त्याला उत्तर देता आलं पाहिजे. एवढंच शिकवा."

मी त्यांनाही वहीवर रेघ मारून दोन रकाने करून दिले. आठवड्याने त्या आल्या त्या दुसरीच वही घेऊन. रेघा नसलेली, आतापर्यंत भरतकामाचे नमुने काढण्यासाठी वापरलेली. तिच्यात त्यांनी आपले स्वयंपाकघर काढले होते. मांडणीवर पातेली, वाट्या, परात, खाली बादली, ओट्यावर बटाटे, आणि प्रत्येक वस्तूच्या अंगावर तिचे स्पॅनिश नाव देवनागरीत. मी शब्द विचारीत गेले, त्या डोळे मिटून सांगत गेल्या. एकही चुकला नाही. मी आश्चर्याने विचारले, "पाठ कसं केलंत?" त्या म्हणाल्या, "पाठ कुठं केलं? मी शब्द आठवतच नाही. मी मांडणीकडं बघते."

भगिनींनो, त्या क्षणी मला तो चमचा आठवला.

त्या मुलाने आणि या आजींनी एकच गोष्ट केली होती, आणि ती मला, शिकवणारीला, सुचली नव्हती. त्यांनी मधल्या दलालाला घालवून दिले होते. माझ्या दोन रकान्यांत स्पॅनिश शब्द थेट वस्तूपाशी पोचत नव्हता. तो आधी इंग्रजीच्या घरी जाई, तिथून मराठीत येई, आणि मग कुठे चमच्यापाशी. ज्या मुलाचे इंग्रजी पक्के त्याला ही फेरी जाणवत नाही. ज्याचे कच्चे आहे, तो वाटेतच अडकतो आणि आपल्याला भाषाच येत नाहीत असे धरून बसतो. चमच्याचे चित्र इंग्रजी बोलत नाही आणि मराठीही बोलत नाही. शब्द आणि वस्तू यांची ते थेट गाठ घालून देते.

आणि गंमत अशी, की मधला दलाल गेला म्हणजे दिसू लागते की मराठी आणि स्पॅनिश एकमेकींच्या बऱ्याच जवळ आहेत. आपण 'तू' म्हणतो, तेही 'तू'च म्हणतात; मोठ्या माणसाला आपण 'आपण' म्हणतो, ते 'उस्तेद' म्हणतात. आपला त आणि द जिभेचे टोक दातांना लावून होतो, त्यांचाही तसाच. आपल्याकडे दिवस तो आणि रात्र ती. त्यांच्याकडेही दिवस पुल्लिंगी, रात्र स्त्रीलिंगी. निर्जीव वस्तूला लिंग असते यात मराठी मुलाला काहीच नवल वाटत नाही. इंग्रजीतून शिकणारा मात्र 'मी आंबा आवडतो' अशा वळणाने विचार करतो आणि ठेचकाळतो. आपण म्हणतो 'मला आंबा आवडतो', 'मला आंबे आवडतात'. स्पॅनिश माणूस म्हणतो 'मे गुस्ता एल मांगो', 'मे गुस्तान लोस मांगोस'. आंबा एक असला की 'गुस्ता', पुष्कळ असले की 'गुस्तान'. वाक्य अगदी आपल्याच घडीचे! मी याचे चित्र असे काढते: डावीकडे आंबा, उजवीकडे माणूस, आणि बाण आंब्याकडून माणसाकडे. आंब्यांची टोपली काढली की बाण जाड होतो. हे एवढे चित्र काढले की नियम सांगावा लागत नाही.

काही शब्द तर आपल्या घरात आधीच येऊन बसलेले आहेत. आपले मुलुंड ज्या साष्टी बेटावर आहे, ते बेट १५३४ पासून दोनशे वर्षे पोर्तुगिजांच्या ताब्यात होते. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे व साष्टी घेतली आणि १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई. पोर्तुगीज गेले, पण त्यांचे शब्द आपल्या स्वयंपाकघरात राहिले. आणि पोर्तुगीज व स्पॅनिश या सख्ख्या बहिणी. आपला साबण म्हणजे त्यांचा 'खाबोन', चावी म्हणजे 'याबे', पाव म्हणजे 'पान', बादली म्हणजे 'बाल्दे', मेस्त्री म्हणजे 'माएस्त्रो'. आपण महिन्याच्या एक तारखेला ज्याची वाट पाहतो त्या पगाराचे मूळ 'पागार', म्हणजे पैसे देणे. चिकू तर मूळचा मेक्सिकोकडचाच. तिकडे त्याला 'चिकोसापोते' म्हणतात. पहिल्या दिवशी मी विद्यार्थ्यांना आपल्या घराचे चित्र काढावयास सांगते आणि त्यात हे शब्द टाकावयास लावते. तासाभराने त्यांना कळते, की आपण स्पॅनिशच्या दाराशी नव्हे, ओसरीपर्यंत येऊन बसलो आहोत.

चित्रांनी भाषा शिकवणे हे नवे खूळ नव्हे. कोमेनियस नावाच्या शिक्षकाने १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे मुलांसाठी लॅटिनचे सचित्र पुस्तक काढले. चित्रातल्या प्रत्येक वस्तूला आकडा आणि शेजारी त्याच आकड्यापुढे तिचे नाव, अशी त्याची रचना होती. आपल्याकडे तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीस बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. परदेशी पद्धतीची महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी शिंपले, खडे, पाने, बिया हीच साधने केली. साधन मुलाच्या अंगणातले असावे आणि ते मुलाच्या हातात असावे, हा त्यांचा धडा मी बालवाडीपुरताच समजत होते. तो आठवीच्या मुलालाही लागू आहे आणि आजीलाही.

'मुलाच्या हातात' हे शब्द महत्त्वाचे. आजी गेल्यानंतर मी उत्साहाच्या भरात बाजारातून शब्दचित्रांची छापील कार्डे आणली, फोनवरची रंगीत चित्रे दाखवली. मुलांना मजा वाटली, पण शब्द काही टिकले नाहीत. तेच शब्द त्यांनी स्वतः वेडेवाकडे काढले, तेव्हा टिकले. पुढे माझ्या वाचनात आले, की कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात याच गोष्टीची परीक्षा घेतली गेली आणि तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. काही शब्द पुन्हा पुन्हा लिहावयास दिले, काही शब्दांचे चित्र काढावयास दिले. काढलेले शब्द लिहिलेल्या शब्दांपेक्षा कितीतरी अधिक आठवले. चित्र चांगले की वाईट यावर काही अवलंबून नव्हते. २०१८ साली त्यांनी वृद्ध माणसांवरही प्रयोग केला, तेव्हा त्यांनाही चित्र काढण्याचा फायदा झालेला दिसला. हे शब्द त्या माणसांच्या ओळखीच्या भाषेतले होते, परक्या भाषेतले नव्हते, हे मी लपवीत नाही. पण माझ्या खोलीतला अनुभव त्याच दिशेचा आहे. चित्र पाहिल्याने थोडा लाभ होतो, काढल्याने पुष्कळ. चमचा काढताना क्षणभर तरी चमच्याचा विचार करावाच लागतो. पाच वेळा 'कुचारा' लिहिताना मन बाहेर क्रिकेट खेळून येते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: "आम्हांला चित्र येत नाही." त्याला माझे उत्तर आपल्या मुलुंडच्या पाठीशी असलेल्या डोंगरात आहे. राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांवर वारली कुटुंबे राहतात. तिथून वर ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, आणि परंपरेने ते काम सवाष्णींचे. वारली माणूस कसा असतो? दोन त्रिकोण टोकाशी टोक जुळवून ठेवले की धड झाले. वर एक गोल, खाली-वर चार रेघा. त्रिकोण जरा कलला की माणूस धावू लागतो, वाकला की भात लावू लागतो. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगभर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांची सर कोणाला येणार? पण दोन त्रिकोण कोणालाही काढता येतात. क्रियापदे शिकवावयास याहून सोपे साधन मला मिळालेले नाही. धावणे, बसणे, देणे, वाहणे हे सगळे एका रेघेच्या फरकाने होते.

आता भिंतीवरच्या गमबुटाविषयी, कारण कार्यवाहबाईंना त्याचेच कुतूहल होते. स्पॅनिशमध्ये काही क्रियापदे मधूनच रूप बदलतात. 'शकणे' म्हणजे 'पोदेर'. मी शकतो 'पुएदो', तू शकतोस 'पुएदेस', तो शकतो 'पुएदे'. पण आम्ही शकतो 'पोदेमोस', तुम्ही शकता 'पोदेइस', आणि ते शकतात पुन्हा 'पुएदेन'. डावीकडे एकवचनाची तीन घरे आणि उजवीकडे अनेकवचनाची तीन घरे काढा, आणि ज्या घरांत 'पुए' आहे त्यांच्याभोवती रेघ ओढा. डावीकडची तीन घरे आणि उजवीकडचे सर्वांत खालचे, असा बरोबर बुटाचा आकार होतो. बुटाच्या आत पाणी शिरले, म्हणून शब्द फुगला; बाहेरचे दोन कोरडे राहिले, असे एका मुलीने जुलैच्या पावसात माझ्या दारात गमबूट काढता काढता सांगितले. खरे कारण आघाताचे आहे. बुटातल्या चार रूपांत आघात शब्दाच्या मुळावर पडतो, बाहेरच्या दोनांत प्रत्ययावर. पण मुलीचे पाणी लक्षात राहते, आणि मग कारणही राहते. आजींना मी सांगितले, की 'पोदेइस' हे घर तुम्ही मोकळे सोडले तरी चालेल, कारण मेक्सिकोत ते रूप बोलत नाहीत. त्यांनी तिथे लहानसे कुलूप काढले.

आघात हीदेखील डोळ्यांनी शिकण्याची गोष्ट आहे. मेक्सिकोत बटाट्याला 'पापा' म्हणतात आणि वडिलांनाही 'पापा'. फरक एवढाच, की वडिलांचा आघात शेवटच्या अक्षरावर असतो आणि लिहिताना त्या अक्षराच्या डोक्यावर एक तिरपी रेघ देतात. एका मुलाने ताबडतोब लिहिले: टोपीवाला तो बाबा, उघड्या डोक्याचा तो बटाटा. ही रेघ विसरल्यास मेक्सिकोतल्या शाळेत 'माझे बाबा' या निबंधात बाबांना उकडून सोलावे लागेल!

आणि टोपीवरून आठवले. स्पॅनिशमध्ये न या अक्षराच्या डोक्यावर नागमोडी रेघ देऊन 'न्य' सारखा उच्चार करतात. ही रेघ कोठून आली? जुन्या काळी हाताने पोथ्या लिहिणारे लेखनिक कागद आणि श्रम वाचवण्यासाठी दोन न लागोपाठ आले की एक लिहीत आणि दुसरा लहानसा करून त्याच्या डोक्यावर बसवीत. म्हणजे जे चिन्ह आज त्या भाषेची ओळख झाले आहे, तेही मुळात टिपण घेणाऱ्याची चित्रयुक्तीच होती. हे मी मुलांना सांगते, तेव्हा आपापल्या वहीत खुणा शोधून काढण्याचा त्यांना मोठा धीर येतो.

एवढ्यावरून चित्राने सगळे साधते असे मात्र समजू नका. चित्राने मीही फसले आहे. स्पॅनिशमध्ये 'असणे' याला दोन क्रियापदे आहेत, 'सेर' आणि 'एस्तार'. मी मोठ्या दिमाखात तक्ता केला: एकीकडे दगड, दुसरीकडे ढग. जे कायमचे ते दगडाखाली, 'सेर'. जे तात्पुरते ते ढगाखाली, 'एस्तार'. 'तो उंच आहे' दगड, 'तो आजारी आहे' ढग. सगळे खूश. दोन आठवड्यांनी एका मुलाने विचारले, "मावशी, मुलुंड मुंबईत आहे, याला 'एस्तार' का? मुलुंड कुठं जाणार आहे?" आणि पाठोपाठ दुसरी म्हणाली, "मेलेला माणूसही 'एस्तार'च. तो काय उद्या उठणार आहे?" माझा ढग जागच्या जागी विरघळला.

मी तो तक्ता काढून टाकला आणि त्यांच्यासमोरच टाकला. मग आम्ही मिळून दुसरे चित्र शोधले. 'एस्तार' हे उभे राहणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आले आहे, आणि ते आपल्या संस्कृत 'स्था' धातूचे भावंड आहे. म्हणून आता आम्ही एक उभा वारली माणूस काढतो. तो कोठे उभा आहे आणि कोणत्या अवस्थेत उभा आहे, हे 'एस्तार'. आणि त्याच्या गळ्यात ओळखपत्र अडकवतो: तो कोण, कसा, कुठला, हे 'सेर'. 'मी मुलुंडची आहे' हे ओळखपत्रावर. 'मी मुलुंडला आहे' हे पायांपाशी. हेही चित्र एका जागी फसते. एखादा समारंभ कोठे आहे हे सांगताना स्पॅनिशमध्ये 'सेर' लागते. तिथे आम्ही वहीत एक ताटली आणि फुगा काढून ठेवला आहे: समारंभ उभा राहत नाही, तो घडतो. शिकवणारीने काढलेले चित्र देवघरातल्या तसबिरीसारखे पुजू नये. ते पुसता आले पाहिजे, हे मला त्या मुलांनी शिकवले.

काही शब्द चित्रात येतच नाहीत. 'पण', 'म्हणून', 'तरीही' यांची चित्रे कशी काढणार? त्यांना आम्ही खुणा ठरवल्या आहेत. 'पेरो' म्हणजे पण. त्याला वळलेला बाण. यात एक मौज आहे. र जरा ठणकावून उच्चारला, की 'पेर्रो' म्हणजे कुत्रा होतो. म्हणून भिंतीवरच्या कुत्र्याची शेपटी वळलेल्या बाणासारखी आहे. आणखी एक रोग सांभाळावा लागतो, तो म्हणजे सुंदर वहीचा. काही मुली तासभर फुलाला छटा देत बसतात आणि फुलाचे नाव विसरतात. म्हणून माझा नियम आहे: एक पेन्सिल, एक रंगीत पेन्सिल, आणि एका चित्राला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ नाही. रंग फक्त स्त्रीलिंगी शब्दाला. 'मानो' म्हणजे हात. शब्द दिसतो पुल्लिंगी, पण आहे स्त्रीलिंगी, म्हणून आमच्या सगळ्या वह्यांत हात लाल आहेत.

या सर्वांचा शेवट ज्या एका अभ्यासात होतो, तो सांगून मी थांबते. शनिवारी मी एक लहानशी गोष्ट स्पॅनिशमध्ये हळूहळू सांगते. एक बाई बाजारात जाते, बटाटे घेते, पाऊस येतो, छत्री गाडीत विसरते, शेजारीण आपली छत्री देते. ऐकता ऐकता मुलांनी फक्त चित्रे काढावयाची, अक्षर लिहावयाचे नाही. पुढच्या शनिवारी तीच वही उघडून चित्रांकडे बघत गोष्ट स्पॅनिशमध्ये परत सांगावयाची. लिहिलेले वाक्य असते, तर मुलाने ते वाचून दाखवले असते. चित्र वाचून दाखवता येत नाही. त्यातून वाक्य स्वतःचे स्वतःला घडवावे लागते. पहिल्या वेळी दोन वाक्ये होतात, चौथ्या वेळी आठ. आणि मराठी माध्यमाचे मूल इथे इंग्रजी माध्यमाच्या मुलाच्या तसूभरही मागे नसते. हे मी अनेकदा पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी मला त्या मुलाची आठवण झाली आहे.

आजींचे काय झाले, असे आपल्या मनात असेल. गेल्या दिवाळीत त्यांनी नातवाला फोनवर बोलावले आणि आपली वही कॅमेऱ्यासमोर धरली. एकेक चित्र दाखवून त्या नाव सांगू लागल्या. तीन-चार शब्द झाले आणि ते पोर मधेच ओरडले, "नो, आबुएलिता!" आजींनी बटाट्याला टोपी घातली होती! मग तो कागद-पेन्सिल घेऊन आला आणि त्याने आजीला बटाटा काढून दाखवला, उघड्या डोक्याचा. त्या दिवसापासून दोघांची वही चालू आहे. तो काढतो, या नाव सांगतात; या काढतात, तो नाव सांगतो. त्याला परात ठाऊक नव्हती. आता तो 'परात' म्हणतो, स्पष्ट मराठीत.

भगिनींनो, आपल्यापैकी सर्वच काही स्पॅनिश शिकणार नाहीत. पण वह्या तर आपल्या सर्वांच्याच घरी आहेत. मुलाच्या किंवा नातीच्या वहीच्या समासात चमचा दिसला, कुत्रा दिसला, बाण दिसला, तर रागावण्यापूर्वी एकदा विचारा, "हे काय आहे, मला सांग बघू." कदाचित ती टंगळमंगळ असेल. कदाचित तो धडा असेल, त्याच्या भाषेत घेतलेला. दोन्हींतला फरक विचारल्यावाचून कळत नाही. मी विचारले नव्हते.

रेघा नसलेली एक साधी वही आणि एक पेन्सिल, एवढाच याचा खर्च आहे. कोणास यावयाचे असेल, तर शनिवारी दुपारी माझे दार उघडे असते. मंडळाच्या सभासदांकडून मी फी घेत नाही. पण चित्र येत नाही ही सबब मात्र ऐकून घेणार नाही, कारण माझी गाय आपण भिंतीवर पाहालच.